लातूरच्या वाचकाने विचारलेला शेवट

मागच्या वर्षी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात लातूरच्या एका वाचकाने मला एका जपानी कादंबरीचा शेवट विचारला. निरोप दुपारी आला. मी नांदेडला माझ्या खोलीवर होतो आणि कामावर जायला अजून वेळ होता. निरोप असा होता : "भाऊ, तो घरी जातो का? एवढंच सांगा."

आमच्या गटात शेवट विचारत नाहीत आणि कुणी विचारला तरी सांगत नाहीत. हा गट फोनवरचा आहे. त्यात इसेकाई वाचणारी मराठी माणसं आहेत. 'इसेकाई' म्हणजे जपानीत दुसरं जग. या कथांमध्ये आपल्या जगातला एखादा साधा माणूस मरतो, बहुतेक वेळा ट्रकखाली येऊन, आणि वेगळ्याच जगात जागा होतो. तिथे राजे, राक्षस आणि जादू असते. कथा चित्रांतून सांगितलेली असेल तर ती मांगा. लेखक नुसत्या शब्दांत एकेक भाग इंटरनेटवर टाकत असेल तर ती वेब कादंबरी. प्रसिद्ध कथा सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्यासाठी गटाची गरज नव्हती. आमचा गट कुणी न वाचलेल्या कथांसाठी होता.

मी एका दैनिकाच्या नांदेड आवृत्तीत तालुक्यांच्या बातम्या दुरुस्त करतो. नायगाव, लोहा, कंधार, देगलूर इथले वार्ताहर बातम्या पाठवतात. मी त्यांतली विशेषणं काढतो, गावांची नावं तपासतो आणि जखमींचा आकडा मथळ्यात आणि मजकुरात एकच आहे ना ते पाहतो. पाळी दुपारनंतर सुरू होते. सकाळ मोकळी असते. खोलीत मी एकटा राहतो, जेवण खानावळीत. सुटीच्या दिवशी संध्याकाळच्या चहापर्यंत कुणाशी बोलण्याचा प्रसंग येत नाही. हा वेळ वाचनात जातो.

माझं वाचन कचेरीत सगळ्यांना माहीत आहे. क्रीडा पान लावणारा सहकारी मी आत शिरलो की विचारतो, "काय साहेब, आज कोण आलं ट्रकखाली? आपल्या लोहा रोडवरचं, का जपानचं?"

"दोन्हीकडचं," मी सांगतो.

"आपलं मेलं की मेलं बघा. जपानचं मेलं की राजा होतं."

गटात शिफारस करण्याची रीत ठरलेली आहे. आधी स्वतः शेवटपर्यंत वाचायचं. कथा पूर्ण आहे, चालू आहे की लेखकाने अर्ध्यावर सोडली आहे, ते सांगायचं. कुठल्या भागापासून रंगते ते सांगायचं. दोष लपवायचे नाहीत. शेवट सांगायचा नाही. मी माझ्या शिफारशी बातमीसारख्या लिहीत असे, कारण मला दुसरं लिहिता येत नाही. विहीर खोदणाऱ्या माणसाच्या कादंबरीची शिफारस मी अशी टाकली होती :

"नाव : विहिरीत गडप झालो आणि दुसऱ्या जगात निघालो, पण माझ्याकडे फक्त पहार आहे. नायक : पन्नाशीचा, विहिरी खोदणारा. मृत्यू : नाही. खोदताना तळ खचतो. तिकडे मिळालेली शक्ती : नाही. लढाया : जवळपास नाहीत. मजकूर : तो दुष्काळी मुलखात गावोगाव विहिरी खोदतो. प्रत्येक विहिरीचा तळ आपल्या गावात निघतो का, ते बघतो. स्थिती : पूर्ण. इंग्रजी अनुवाद निम्म्यावर थांबला आहे, पुढचं यंत्राकडून भाषांतर करून वाचावं लागतं. दोष : सुरुवात संथ, बायकांची पात्रं कच्ची. कुणी वाचू नये : ज्यांना राजकन्या हवी आहे त्यांनी."

अशा शिफारशींना उत्तरं येत नसत. एखादा अंगठ्याचं चित्र टाकी. गटातली बरीच माणसं पुण्या-मुंबईची होती. नोकरी लागली, लग्न झालं की ती बोलेनाशी होत. नाव यादीत राही, माणूस गेलेला असे. त्या वर्षी माझ्या शिफारशी खरोखर वाचणारा एकच माणूस उरला होता, आणि तो लातूरचा होता.

त्याचं नाव मला माहीत नव्हतं. गटात सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात. त्याने स्वतःबद्दल सांगितलेलं एवढंच : लातूरला शिकवण्यांच्या भागात एका अभ्यासिकेत तो दिवसभर गल्ल्यावर बसतो. डॉक्टर व्हायला आलेली पोरं आपापल्या कप्प्यात पाठांतर करतात. आत येताना त्यांचे फोन तो एका पेटीत जमा करून घेतो. "सगळ्यांचे फोन बंद करतो आणि माझा चालू ठेवतो," असं त्याने एकदा लिहिलं होतं. "तिकडं सगळे चूप. इकडं मी तुमच्या जगात फिरून राहिलो."

त्याची मागणी पहिल्यापासून वेगळी होती. बाकीचे विचारत, नायक किती ताकदवान आहे. तो विचारी, नायक काम काय करतो. मी त्याला मिठाचा कर गोळा करणाऱ्या कारकुनाची कथा दिली. त्यात राक्षसापेक्षा काटा मारणारे व्यापारी जास्त आहेत. सैन्याचे कपडे धुणाऱ्या बाईची एक मांगा दिली. त्यातला एक अख्खा भाग पावसात कपडे वाळवण्यावर आहे आणि तो त्या मालिकेतला सर्वात चांगला भाग आहे. नावेवर उतारू मोजणाऱ्या कंडक्टरचीही दिली. ती लेखकाने मध्येच सोडली आहे, हे आधीच सांगितलं. कारकून त्याने वाचला. धोबीण त्याला फार आवडली. कंडक्टर नको म्हणाला. "अर्धवट नको भाऊ. इकडं चालत न्हाई."

'इकडं' म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.

विहिरीची कादंबरी सुरू केल्यावर त्याचे प्रश्न वाढले. दुपारी, एका ठरावीक वेळेनंतर ते एकदम येत. त्या मुलखात माती काळी की मुरमाड? खडक लागल्यावर सुरुंग आहे का, का नुसती पहार? पाणी बघायला पाणाडी बोलावतात, की हाच नारळ घेऊन फिरतो? माती वर ओढायला बैल, की माणसं? जेवायला काय देतात? उरलेली भाकरी बांधून देतात का?

माझ्या अनुभवात इसेकाईच्या वाचकाने असे प्रश्न कधी विचारले नव्हते. तरी मी उत्तरं देत होतो. माती लाल. सुरुंग नाही. पाणाडी आहे, पण तो खोटा निघतो. बैलांऐवजी एक केसाळ जनावर आहे, शिंगं मागे वळलेली, दूध देत नाही. ठाऊक नसेल तिथे मी 'लेखकाने लिहिलेलं नाही' असं कळवत होतो. उत्तर तयार करायला मूळ भाग पुन्हा काढावे लागत. सकाळी उठल्यावर आज काय विचारलं जाईल, याचा अंदाज मी करू लागलो होतो.

एकदा प्रश्न आला : "जनावर दूध देत न्हाई तर त्येला पोसतात कशाला?"

मी लिहिलं, "भाऊ, हे तुम्ही विचारताय असं वाटत नाही."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "दादा विचारतात."

दादा म्हणजे त्याचे वडील. त्यानंतरच्या निरोपांतून जे कळलं ते असं. वडील लातूरजवळच्या मुरुडच्या पुढच्या एका खेड्यातले शेतकरी. आई गेल्यावर ते गावात एकटेच राहत होते. पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. मुलाने त्यांना लातूरला आणलं, अभ्यासिकेमागच्या गल्लीत खोली घेतली आणि गावच्या घराला कुलूप लावलं. व्यायाम करून घ्यायला एक माणूस खोलीवर येतो. हा व्यायाम चालू राहिला तर पाय चालतील, सोडला तर आहे तेही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. दिवसभर वडील खाटेवर. गल्लीत ओळखीचं कुणी नाही. टीव्ही त्यांना नको होता. जेवणाच्या सुटीत मुलगा घरी जाई आणि काय बोलावं ते न सुचून, वाचलेल्या गोष्टी सांगे. आधी कारकून, मग धोबीण, मग विहीर. वडील जे विचारत ते संध्याकाळपर्यंत त्याच्या लक्षात राहत नसे. घरून परतला की लगेच मला पाठवून देई. म्हणून ती ठरावीक वेळ.

म्हणजे इतके महिने मी ज्याला उत्तरं देत होतो, तो माणूस दुसराच होता.

मग संक्रांतीनंतरचा तो निरोप आला. त्याचं कारण त्याने पुढच्या निरोपात दिलं. वडिलांनी सांगून टाकलं होतं : "ही गोष्ट संपली की मला गावाकडं नेऊन सोड." आधी ते नुसतं गावाचं नाव काढत. आता त्यांनी मुदत घातली होती. गोष्ट बरीच पुढे आली होती, विहिरी थोड्या उरल्या होत्या. मुलाने पुढचं वाचलं नव्हतं. यंत्राने केलेलं भाषांतर त्याला झेपत नव्हतं, म्हणून शेवटचे भाग मी त्याला मराठीत थोडक्यात लिहून देत होतो आणि तो ते घरी रंगवून सांगत होता.

"तो माणूस तिकडंच राहिला, तिकडं रमला, असं असलं तर दादा बी राहतील," त्याने लिहिलं. "घरी गेला असं असलं तर माझं काय चालायचं न्हाई. गावात कोण हाय? शेजारची चुलतवहिनी सोडली तर भाकरीचा तुकडा द्यायला कुणी न्हाई. व्यायाम कोण करून घेणार? मला अभ्यासिका सोडता येत न्हाई. भाऊ, तो घरी जातो का?"

नियम मी मोडला. लिहिलं, "जातो."

थोड्या वेळाने विचारणा आली, "शेवट बदलता येतो का?"

"लेखकाने बदलला तरच."

"मग मी आणखी विहिरी खोदतो," त्याने लिहिलं.

पुढचे काही आठवडे दुपारचे प्रश्न आले नाहीत. मूळ कादंबरीची त्याला गरज उरली नव्हती, त्यामुळे माझीही. तो गल्ल्यावर बसून स्वतः भाग रचत होता. नायक एका गावाहून दुसऱ्या गावाला जाई, विहीर खोदे, पाणी लागे, लोक मिरवणूक काढत. एका भागात राजा आला. मला हे अधूनमधून कळे. मी गटात एका मधमाश्या पाळणाऱ्या सैनिकाच्या मांगाची शिफारस टाकली. तिच्यावर कुणी अंगठाही टाकला नाही.

होळीच्या आधी फोन वाजला. त्याच्याशी मी तोपर्यंत कधी बोललो नव्हतो. आवाज माझ्या कल्पनेपेक्षा मोठ्या वयाचा होता. तो चाळिशीचा असावा.

"भाऊ, दादांनी पकडलं."

"काय झालं?"

"मनले, ही गोष्ट पुस्तकातली न्हाई, तू सांगून राहिलास. मी मनलो, कशावरून? तर मनले, आधी तो माणूस दमायचा. हातावर फोड यायचे, पाठ धरायची. ह्यो दमतच न्हाई. निस्ता हार घालून घ्यायलाय."

मी हसलो. तो हसला नाही.

"आता मनून राहिले, त्या नांदेडवाल्याला बोलीव. त्येला खरं ठाऊक हाय. तो आल्याबिगर व्यायाम करत न्हाई मनतात. दोन येळा त्या माणसाला परत लावून दिलं. तुम्ही या. फक्त एक करा, तो तिकडंच राहिला मना. तुमचं ऐकतील. पेपरवाले हाव तुम्ही."

मी येतो म्हणालो. काय सांगेन, ते बोललो नाही.

सुटीच्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. हरभरा काढून झालेली रानं दोन्ही बाजूंना मोकळी होती. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "लातूरला दवाखान्यात का?" मी म्हणालो, "नाही, एक गोष्ट सांगायला." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

तो बसस्थानकावर न्यायला आला होता. मला त्याने चेहऱ्यावरून ओळखलं नाही. सगळे उतरून गेल्यावर जो उभा राहिला तो मी, एवढ्यावरून ओळखलं. वाटेत अभ्यासिका दाखवली. खिडक्यांना हिरवा कागद लावलेला होता. जिन्यावर चपलांचा ढीग, आणि आत इतकी माणसं असून आवाज नाही. त्याने एका ओळखीच्याला गल्ल्यावर बसवलं होतं.

खोली तळमजल्यावर. खिडकीशी खाट. वडील उशीला टेकून बसलेले, अंगात पांढरा सदरा, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. बोलणं सावकाश, पण स्पष्ट.

"या पाव्हणं. चहा टाक रं." मग मला खालीवर पाहून, "लई वाळलेत तुमी. पेपरात जेवायला देत न्हाईत व्हय?"

"खानावळीत जेवतो."

"हां, मंग बरोबर हाय. घरी कोण?"

"कुणी नाही."

"कुणीच न्हाई?"

"नाही."

ते म्हणाले, "आमचं पोरगं गोष्ट चांगलं सांगतं. पण हाल्ली हार-तुरेच लई झाले. परवा राजा आणला. तुमच्या गोष्टीत राजा हाय का?"

"या गोष्टीत नाही."

"मंग बरं. सांगा. कुठवर आलंय, ठाव हाय ना? लाल मातीतली ती दांडगी विहीर. जनावर मेलं तिथपर्यंत खरं होतं. त्याच्या म्होरचं सांगा."

मुलगा स्टोपाशी पाठमोरा उभा होता. त्याला ऐकू येत होतं.

मी जसं लिहिलेलं आहे तसं सांगितलं. जनावर मेल्यावर नायक एकटाच खोदतो, माती वर ओढायला कुणी नसतं. तो पाटीभर माती घेऊन शिडीने वर येतो, ओततो, पुन्हा उतरतो. पावसाळा होऊन जातो. एके दिवशी तळाशी कान लावल्यावर त्याला पाण्याच्या मोटारीचा आवाज येतो. त्या जगात मोटार नाही. तो पहार घालत राहतो. तळ खचतो आणि तो आपल्या गावच्या विहिरीत निघतो.

"पाणी होतं का विहिरीत?"

"गुडघाभर."

"मंग मोटार कशी चालंल? हवा ओढंल की."

"ते लेखकाने सांगितलेलं नाही."

"हं. म्होरं?"

"तो वर येतो. तिकडे जेवढी वर्षं गेली तेवढीच इकडे गेलेली असतात. घराला कुलूप असतं. अंगणात गवत वाढलेलं. तो पायरीवर बसतो."

"मंग?"

"मग संपतं."

"कुणी भेटलं न्हाई?"

"नाही."

"शेजारी?"

"शेजारच्या घरातून स्वयंपाकाचा वास येतो, असं एक वाक्य आहे."

"फोडणीचा?"

"तेवढं लिहिलेलं नाही. स्वयंपाकाचा."

"म्हंजी शेजारी हाय," ते म्हणाले. बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. बाहेरून पोरांचा एक घोळका गेला. त्यांच्यातला एक मोठ्याने काहीतरी पाठ म्हणत होता. मग त्यांनी मुलाला हाक मारली. "आयकलंस न्हवं?"

मुलगा म्हणाला, "दादा, ती गोष्ट हाय."

"हाव. गोष्टच हाय."

"पाय बरे होऊन राहिले आता कुठं. म्हैनाभर थांबा. पाडव्यानंतर बगू."

"तवर किती राजे आणशील?" म्हाताऱ्याने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाळा, तू दुपारी येतोस, अर्धी भाकर खातोस, गोष्ट सांगतोस, जातोस. त्येवढाच माझा दिस. बाकीचा दिस मी काय करतो, कधी इचारलंस? गल्लीतल्या पोरांचे पाय बगतो. कुणाच्या पायात काय चप्पल हाय, आता समदं पाठ झालंय. तिकडं मी कुणाची बी चप्पल वळखत हुतो, अन् तिच्यावरचा माणूस बी."

चहा उतू गेला. मुलाने उरलेला दोन कपांत गाळला आणि स्वतःला घेतला नाही.

निघताना म्हाताऱ्याने डाव्या हाताने माझा हात धरला. "धुणं धुणारी ती बाई. ती बी घरी गेली का शेवटी?"

"ती मालिका अजून चालू आहे."

"मंग न्हाई कळायचं," ते म्हणाले.

मुलगा बसस्थानकापर्यंत आला. शिकवण्यांच्या पाट्यांखालून आम्ही चाललो. तो पुढे आणि मी मागे, कारण फुटपाथवर दोघांना जागा नव्हती. बसस्थानकावर आम्ही नांदेडच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. तो म्हणाला, "एक शब्द होता, भाऊ. 'राहिला', एवढाच. काय बिघडलं असतं?"

"त्यांनी खरं विचारलं होतं."

"खरं!" तो म्हणाला. "जपानच्या कोण्या माणसानं मनानं लिवलेलं, ते खरं? तो विहिरीत पडून दुसऱ्या जगात जातो ते खरं, अन् माझ्या बापाचे पाय खोटे?"

मी पिशवी खांद्यावरून खाली ठेवली.

"तुमचं बरं हाय," तो म्हणाला. "सांगितलं, गाडीत बसला, गेला. माझ्या जागी असता तर?" मग माझी पिशवी उचलून, "तुम्हाला इचारण्यात बी अर्थ न्हाई. तुमच्या मागं कुणी न्हाई."

गाडी लागली. त्याने माझी पिशवी चढवून दिली आणि खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी हलण्याच्या आधीच तो निघून गेला होता.

पाडव्याच्या नंतर त्याचा एक निरोप आला : "सोडून आलो." मी विचारलं, व्यायामाचं काय. उत्तर आलं, मुरुडहून एकजण आठवड्यातून एखादा दिवस येईन म्हणाला आहे, नक्की नाही. मी विचारलं, तुम्ही आता काय वाचता आहात. उत्तर आलं, "काही न्हाई. कुणाला सांगू?" फोनवर सांगा, असं मी सुचवलं. दादांना फोनवर नीट ऐकू येत नाही, असं त्याने कळवलं. काही दिवसांनी तो गटातून बाहेर पडल्याची ओळ पडद्यावर आली. वैयक्तिक निरोपांना नंतर उत्तर आलं नाही.

गट अजून आहे. त्या उन्हाळ्यात मी तीन-चार कथा शेवटपर्यंत वाचल्या. एक चांगली होती : दुसऱ्या जगात रस्त्यांवर मैलांचे दगड बसवणाऱ्या बाईची. नेहमीच्या पद्धतीने शिफारस लिहिली. नायिकेचं काम, स्थिती, दोष. दगड कुठल्या खाणीचा, तो वाहायला जनावर कोणतं आणि मजुरांना जेवायला काय देतात, हेही लिहिलं. पूर्वी मी हे लिहीत नसे. एका नव्या सदस्याने विचारलं, नायिकेची ताकद कितव्या पातळीची. मी कळवलं, पातळी नाही. त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

क्रीडा पानाचा सहकारी एकदा म्हणाला, "साहेब, हल्ली तुमचा फोन वाजत नाही. जपान बंद पडलं का?"

"चालू आहे," मी म्हणालो.

पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या लातूर आवृत्तीचा मुरुडकडचा वार्ताहर पेरणीच्या एका बातमीसाठी माझ्याशी बोलत होता. बातमी झाल्यावर मी त्याला त्या गावाचं नाव सांगितलं आणि तिथे जाणं झालं तर एक घर बघून ये म्हणालो. माणसाचं नाव मला माहीत नव्हतं, सांगितलं एवढंच : लकवा झालेले एक शेतकरी, मुलगा लातूरला अभ्यासिकेत. त्याने विचारलं, "बातमी आहे का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग काय विचारू?" मी म्हणालो, काही विचारू नको, काय दिसतं ते सांग.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. घर सापडलं होतं. दार उघडं होतं. अंगणातलं गवत काढलेलं होतं. ओट्यावर बाजेवर एक म्हातारे बसलेले होते, उजवा हात मांडीवर. जवळ काठी होती. ते चालतात की नाही, ते त्याला दिसलं नाही. रस्त्याने जाणाऱ्या एकाला त्यांनी नावाने हाक मारली आणि तो माणूस न थांबता हात करून गेला. शेजारची बाई ताट झाकून घेऊन आली. तिच्याशी वार्ताहर बोलला. मुलगा दर रविवारी येतो, असं तिने सांगितलं. या रविवारी पोरांची शिकवणीतली चाचणी जवळ आल्यामुळे अभ्यासिका उघडी होती, म्हणून तो आला नव्हता.